वाचून दाखवणारे यंत्र आणि आमचे मुके पीडीएफ

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत एक तरुण यायला लागला. बी.ए. झालेला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, जन्मापासून दृष्टी नसलेला. मोबाईल कानाला लावून तो इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्या आम्हाला त्यातला एक शब्द कळत नाही. अभ्यासिकेत तेव्हा कुणीतरी दान दिलेले चार टॅब होते. त्यांत बाबासाहेबांचे खंड, जुनी पाक्षिके, चळवळीतल्या पुस्तिका असे दीडदोनशे पीडीएफ आम्ही मोठ्या अभिमानाने भरून ठेवले होते. त्याने ‘बहिष्कृत भारत’मधले अग्रलेख मागितले. आम्ही फाईल उघडून टॅब त्याच्या हातात दिला. यंत्र म्हणाले, ‘पान एक.’ मग काहीच नाही. त्याने बोट फिरवले. ‘पान दोन.’ पुन्हा शांतता. दुसरी फाईल उघडली तर यंत्र ‘डब्ल्यू, स्लॅश, सेमीकोलन’ असे काहीबाही बडबडू लागले. तो हसून म्हणाला, “दादा, राहू द्या. याची सवय आहे.”

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. ‘याची सवय आहे’ हे आपल्या आजोबा-पणजोबांचे वाक्य. ते आमच्याच अभ्यासिकेत, आमच्याच टॅबसमोर, आमच्याच समाजातल्या एका मुलाने म्हणावे?

घडले होते ते साधे आहे. पहिली फाईल पुस्तकाची नव्हती, पुस्तकाच्या पानांच्या फोटोंची होती. डोळस माणसाला फोटोत अक्षरे दिसतात, यंत्राला फक्त काळेपांढरे ठिपके. दुसरी फाईल युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेले असते भलतेच रोमन चिन्ह. यंत्र बिचारे आतले वाचते. म्हणजे दीडदोनशे पुस्तकांचे आमचे ग्रंथालय त्या मुलापुरते कुलूपबंद होते, आणि कुलूप आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

त्यानंतर आम्ही या विषयाचा इतिहास धुंडाळायला बसलो. ई-पुस्तक आणि वाचनयंत्र वर्गात कसे आले, कुणासाठी आले, कुणाला बाहेर ठेवून आले, याचा. शोधता शोधता २००९ सालच्या अमेरिकेत पोचलो. तिथे जे घडले ते आपल्या चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

थोडी मागची गोष्ट आधी सांगतो. १९७१ च्या जुलै महिन्यात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाईप केला आणि तो सगळ्यांना खुला ठेवला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग तिथून सुरू झाले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन के या संगणकतज्ज्ञाने लहान मुलांनी हातात धरून वाचावे, लिहावे, चित्र काढावे अशा ‘डायनाबुक’ची कल्पना कागदावर मांडली. आजच्या टॅबचे ते बीज. हार्टच्या कामात एक गोष्ट महत्त्वाची होती. त्याने पानाचा फोटो साठवला नाही, अक्षरे साठवली. अक्षरे साठवली की ती मोठी करता येतात, ब्रेलमध्ये उमटवता येतात, आवाजात बदलता येतात. तंत्र स्वतः भेदभाव करत नव्हते. भेदभाव नंतर घुसला, आणि तो कुठून घुसला हेच पाहण्यासारखे आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल आणले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात एक नवी सोय होती: पुस्तक उघडा, बटण दाबा, यंत्र ते वाचून दाखवील. आवाज यांत्रिक होता, पण होता. अंध वाचकाला एक पुस्तक वाचायचे तर तोवर काय करावे लागे? ब्रेल प्रत असेल तर तिची वाट पाहायची, नाहीतर कुणीतरी ध्वनिमुद्रण करील म्हणून थांबायचे, नाहीतर विकत घेतलेल्या पुस्तकाचे एकेक पान स्कॅनरखाली धरायचे. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे पुस्तक वाचून संपते तेव्हा याचे पुस्तक सुरू होते. इथे पहिल्यांदाच बाजारात सगळ्यांसाठी विकले जाणारे यंत्र, सगळ्यांच्याच दिवशी, सगळ्यांच्याच किमतीला, बोलून दाखवणार होते.

तर लेखकांची संघटना उभी राहिली! ‘ऑथर्स गिल्ड’चे म्हणणे असे की पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणे हा वेगळा हक्क आहे, त्याचे वेगळे पैसे आहेत. अ‍ॅमेझॉनने माघार घेतली आणि कोणत्या पुस्तकाचा आवाज बंद ठेवायचा हे प्रकाशकाने ठरवावे अशी मुभा दिली. यंत्र बोलू शकत होते, पण त्याच्या तोंडाला मडके बांधले. ७ एप्रिल २००९ रोजी अंध, डिस्लेक्सिया असलेले आणि इतर अपंग वाचक न्यूयॉर्कमध्ये ऑथर्स गिल्डच्या कार्यालयासमोर पांढऱ्या काठ्या घेऊन उभे राहिले. त्यांची मागणी फुकट पुस्तकांची नव्हती. पुस्तक आम्ही पैसे देऊन घेतो, मग तुम्ही डोळ्यांनी वाचता तसे आम्ही कानांनी वाचले तर तुमचे काय जाते, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हे वाचताना आम्हाला महाड आठवल्याशिवाय राहिले नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते, तळ्यात पाणी होते, तहानही होती. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह पायऱ्या उतरून ओंजळ भरावी लागली. दोन्ही लढे एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतल्या अंधांना कुणी विटाळ मानले नव्हते, त्यांच्या स्पर्शाने किंडल बाटत नव्हते. पण वस्तू समोर असणे आणि ती वापरता येणे यांच्यामध्ये जी भिंत असते, तिची ओळख आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

आता वर्गाकडे येऊ. मे २००९ मध्ये किंडल डीएक्स आले. पडदा ९.७ इंची, किंमत ४८९ डॉलर, आणि उद्देश उघड होता: पाठ्यपुस्तके. अ‍ॅरिझोना स्टेट, प्रिन्स्टन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, रीड, पेस आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची डार्डन व्यवस्थापन शाळा यांनी प्रायोगिक वर्ग जाहीर केले. जड दप्तर जाईल, कागद वाचेल, असा गाजावाजा झाला.

डीएक्समध्ये वाचून दाखवण्याची सोय होती. मग अडचण काय होती? अडचण अशी की पुस्तक बोलत होते, पण पुस्तकापर्यंत जायचा रस्ता मुका होता. कोणते पुस्तक उघडायचे, कोणते प्रकरण, खूण कुठे करायची, आवाज चालू करण्याचे बटण कोणते, ही सगळी यादी फक्त पडद्यावर दिसायची. म्हणजे ज्याला आवाजाची गरज आहे, त्याला आवाजापर्यंत नेऊन बसवायला डोळस माणूस हवा. बनवणाऱ्यांनी कट करून अंधांना वगळले असे म्हणता येणार नाही. आवाजाची सोय त्यांनी गाडी चालवताना, स्वयंपाक करताना ऐकणाऱ्या डोळस गिऱ्हाईकासाठी केली होती. अंध माणूस त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आम्हाला विचाराल तर द्वेषापेक्षा हे ‘डोक्यात न येणे’ जास्त चिवट असते. द्वेष करणाऱ्याला निदान तुम्ही अस्तित्वात आहात हे ठाऊक असते.

जून २००९ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड आणि अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या दोन संघटनांनी, अ‍ॅरिझोना स्टेटमध्येच पत्रकारिता शिकणाऱ्या एका अंध विद्यार्थ्यासह, त्या विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. आधार दोन कायद्यांचा: १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे कलम ५०४ आणि १९९० चा अपंगांसंबंधीचा अमेरिकन कायदा. या कलम ५०४ चा उगम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची शब्दरचना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातल्या, वर्ण आणि वंशावरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या तरतुदीवरून घेतलेली आहे. म्हणजे कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून, तुरुंगात जाऊन जे शब्द कायद्यात आणले, त्याच शब्दांच्या जोरावर नऊ वर्षांनी अपंगांना हक्क मिळाला, आणि पंचेचाळीस वर्षांनी एका विद्यार्थ्याने वर्गातल्या यंत्राला जाब विचारला. एकाने खणलेल्या विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या शेतात जाते ते असे.

दाव्यातली मागणी बारकाईने पाहा. ‘आम्हाला वेगळी सोय करून द्या’ अशी ती नव्हती. वेगळी सोय द्यायला विद्यापीठे नेहमीच तयार असतात: अंध विद्यार्थ्याला ध्वनिफीत देऊ, वाचक देऊ, चार आठवड्यांनी ब्रेल प्रत देऊ. मागणी अशी होती की जे यंत्र आम्हाला वापरता येत नाही ते वर्गात कुणालाच सक्तीचे करू नका. सगळ्यांना चालेल असे यंत्र आणा, नाहीतर आणू नका.

इथे बरेच सुशिक्षित लोक अडखळतात. एका विद्यार्थ्यासाठी सगळ्या वर्गाची प्रगती थांबवायची का? हा प्रश्न आपण ऐकलेला आहे, आणि फार जुना आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला नाकारले गेले. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ च्या ठरावात सरकारने मान्य केले की न्याय मुलाच्याच बाजूला आहे. आणि पुढे म्हटले की एका मुलासाठी बाकीच्यांवर त्याचा सहवास लादला तर शाळाच ओस पडेल, म्हणून सरकार हस्तक्षेप करू शकत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला शिक्षणासंबंधी जे निवेदन दिले, त्यात हे प्रकरण मुद्दाम उलगडून दाखवले आहे. न्याय तुमचा, पण वर्ग त्यांचा. तो युक्तिवाद १८५६ मध्ये खोटा होता, तर २००९ मध्येही खोटा ठरतो. गंमत म्हणजे लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनेही १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे बजावले होते. त्यानंतर कित्येक दशके आपली मुले वर्गाबाहेर व्हरांड्यातच बसली, हे वेगळे.

अमेरिकेत मात्र पुढे भराभर घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये सिरॅक्यूज आणि विस्कॉन्सिन-मॅडिसन या दोन विद्यापीठांनी जाहीर केले की अंधांना वापरता येईपर्यंत आम्ही हे यंत्र मोठ्या प्रमाणावर घेणार नाही. डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने बोलणारी यादी आणि मोठी अक्षरे देण्याचे कबूल केले. जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटने तडजोड केली. नुकसानभरपाई एक डॉलरही नव्हती, पण पुढे वाचनयंत्रे वापरायची झाली तर ती अंधांना वापरता येतील असे पाहू, असे विद्यापीठाने मान्य केले. त्याच आठवड्यात न्याय खात्याने केस वेस्टर्न, पेस आणि रीड यांच्याशी करार केले. २९ जून २०१० ला न्याय खाते आणि शिक्षण खाते यांनी मिळून देशभरच्या महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र धाडले: अंध विद्यार्थ्यांना तीच माहिती, तितक्याच सहजपणे मिळत नसेल तर असे यंत्र वर्गात सक्तीचे करणे हा भेदभाव आहे. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या किंडलला बोलणारी यादी होती. ज्या कामाला बाजाराच्या दोन वर्षांत मुहूर्त लागला नाही, ते दाव्यानंतर चौदा महिन्यांत झाले. यंत्रात अशक्य असे काही नव्हतेच.

प्रयोगाचे बाकीचे निष्कर्ष थोडक्यात सांगतो, कारण तेही कामाचे आहेत. प्रिन्स्टनमध्ये पन्नासेक विद्यार्थी होते. त्यांचा छपाईचा कागद जवळपास निम्म्यावर आला. पण समासात लिहिता येत नाही, खुणा करता येत नाहीत, पुढेमागे पान उलटताना जीव जातो, अशा तक्रारी सगळ्यांच्याच होत्या. आणि त्याच २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने, विक्री बेकायदा झाल्याचे कारण देऊन, लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके त्यांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकली. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यात टिपणे काढली होती, ती निरुपयोगी झाली. तोही कोर्टात गेला. कागदी पुस्तक एकदा घरात आले की ते तुमचे. दुकानदार रात्री येऊन फडताळातून काढून नेऊ शकत नाही. ‘रिडल्स इन हिंदूइझम’वरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्रात काय झाले ते आठवा. तो खंड छापून लोकांच्या हातात होता म्हणून टिकला. तो केवळ कुणाच्या सर्व्हरवर असता तर? याचा विचार चळवळीने करायला हवा. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता आपल्याकडे. २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्राचा पडदा उन्हातही वाचता यायचा आणि उलटा दुमडला की त्याचे ई-पुस्तक व्हायचे. कल्पना छानच होती. पण केंद्र सरकारने २००६ मध्येच योजना नाकारली होती, आणि पेरूने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेऊन वाटली तेव्हा २०१२ च्या अभ्यासात गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. मग ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब आणला, जगातला सर्वांत स्वस्त म्हणून. पहिल्या आकाशचा पडदा बोटाने दाबदाबून दमायला व्हायचे. ११ नोव्हेंबर २०१२ ला दुसरा आला. पुढे त्याचे काय झाले ते तुम्ही जाणताच. आज कुठल्या शाळेत आकाश दिसतो?

या सगळ्या योजनांत एकच प्रश्न विचारला गेला: यंत्र केवढ्याला? मुलगी घरी गेल्यावर यंत्र कुणाच्या हातात राहील, वीज असेल का, मराठी माध्यमाच्या मुलाला त्यात वाचायला काय असेल, डोळ्यांनी न दिसणाऱ्या, हाताने न धरता येणाऱ्या मुलाचे काय, हे कुणी विचारले? बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा ‘शाळा उघड्या आहेत, जा’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरू झाले, मुंबईत मोफत वाचनालय काढले. शाळेचे दार उघडे असूनही मुलगा टिकत नाही, कारण त्याला राहायला जागा, दिवा, जेवण आणि पुस्तक लागते, हे ज्याने स्वतः भोगले त्यालाच सुचते. टॅब वाटपाच्या समारंभात हे सुचणारा माणूस व्यासपीठावर नसतो.

२०२० मध्ये याची किंमत मोजावी लागली. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेल्या. सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे होती ४.४ टक्के. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, म्हणजे दर दहातल्या जवळपास चौघांच्या घरी नव्हता. आणि घरी असणे म्हणजे मुलीच्या हाती असणे नव्हे. १ जून २०२० ला, ऑनलाईन वर्गांच्या पहिल्याच दिवशी, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित मुलीने जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला होता, स्मार्टफोन नव्हता. त्याआधी नऊच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, त्याच केरळच्या उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन मुलीच्या याचिकेवर इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले होते. न्याय तुमचा, पण वर्ग त्यांचा. पुन्हा तेच.

अंधांच्या बाबतीत कागदावर आपण अमेरिकेच्याही पुढे आहोत हे ऐकून आश्चर्य वाटेल. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. अपंग व्यक्तीसाठी कोणतेही पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात आणायला आता लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. जून २०१३ मध्ये माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाईन ग्रंथालय आले, त्याच वर्षी अपंग हक्कांचा नवा कायदा झाला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सोयीसुविधा वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि हो, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्दही दिला. आमच्या अभ्यासिकेतला तरुण तो शब्द वापरत नाही. “मी अंध आहे, दैवी काही नाही माझ्यात,” असे म्हणतो. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला तेव्हा बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला होता. हक्क देता येत नाही तेव्हा गोड नाव देतात, ही रीत जुनीच.

पण सरकारला बोल लावून आम्हाला मोकळे होता येत नाही. सरकारचा भाग आहेच: बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली, कागद विकत घेऊन पडून राहिला, अशा बातमीवरून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील खंड मिळेनात म्हणूनच तर आपण पीडीएफवर आलो. पण ते पीडीएफ बनवले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ‘संपूर्ण वाङ्मय मोफत’ म्हणून वाटले ते आपणच. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरचा कॉपीराइट २०१६ अखेर संपला. तेव्हापासून कुणाचीही अडकाठी नाही. तरीही ते अक्षररूपात, मराठीत, बोलेल अशा स्वरूपात आणायचे आपल्याला सुचले नाही. का? कारण त्या अ‍ॅमेझॉनवाल्यांसारखाच आमच्याही डोक्यात तो मुलगा आला नव्हता. पाच हजार वर्षे वगळले जाण्याचा इतिहास सांगणाऱ्यांच्या डोक्यात. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, ‘सामाजिक बहिष्करण’ या विषयावर निबंध लिहिले, आणि अभ्यासिकेचे उद्घाटन करताना दारात तीन पायऱ्या बांधल्या, कठडा न लावता.

काही मित्र म्हणतात, आधी डोळस मुलांनाच पुरेशी पुस्तके नाहीत, हे नंतर पाहू. हा ‘नंतर’ आपल्याला १९२७ च्या आधी आणि नंतरही ऐकवला गेलेला आहे. आधी स्वराज्य, मग तुमचे. शिवाय व्यवहार म्हणूनही तो चुकीचा आहे. अक्षररूपातले पुस्तक फक्त अंधाच्या उपयोगाचे नसते. त्यात शब्द शोधता येतो, उतारा काढता येतो, दोन इंची तडा गेलेल्या मोबाईलवर अक्षर मोठे करता येते, फाईल हलकी असल्याने कमी डेटात उतरते, आणि पन्नाशीत साक्षरता वर्गाला येणाऱ्या आमच्या वस्तीतल्या मावशींना ते ऐकता येते. फोटोवाला खंड उतरवताना गावाकडच्या पोराचा दिवसाचा डेटा संपतो.

तर गेल्या सप्टेंबरपासून आम्ही ‘बहिष्कृत भारत’ अक्षरात आणायला बसलो आहोत. पद्धत साधी. पानाचा स्वच्छ फोटो घ्यायचा, फोटोतली अक्षरे ओळखणाऱ्या मोफत प्रणालीत टाकायचा, जो मजकूर येतो तो मूळ पानाशी ताडून युनिकोडमध्ये दुरुस्त करायचा. जवळपास शंभर वर्षांपूर्वीची छपाई, पुसट टाईप, त्यावर पुनर्मुद्रण आणि त्यावर स्कॅन. त्यामुळे रफार उडतात, अनुस्वार गायब होतात, जोडाक्षरांचा चुथडा होतो. शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मुलेमुली बसतात. एका बैठकीत चार पाने झाली तर खूप. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी आपल्याच वस्तीत, आपल्याच विहारात एखादी पुस्तिका निवडून सुरुवात करावी. आमच्याकडे येण्याची गरज नाही. फक्त कोण कोणती करतो हे एकमेकांना कळवावे, म्हणजे एकच पुस्तिका दोन ठिकाणी होणार नाही. आणि तपासणीला एक तरी ऐकणारा वाचक सोबत घ्यावा.

हे शेवटचे आम्ही अनुभवावरून सांगतो. पहिले आठ पानांचे काम पाच डोळस माणसांनी तपासले, दोनदा वाचले, निर्दोष म्हणून पुढे पाठवले. त्या तरुणाने ते ऐकायला घेतले आणि दहाव्या मिनिटाला कानातले यंत्र काढून विचारले, “दादा, महाडच्या लेखात ही महारानी कोण आली?” पान काढून पाहिले. मूळ छापील शब्द होता ‘महारांनी’. अनुस्वार पुसट होता, यंत्राने तो गाळला, आणि आम्हा पाचही जणांच्या डोळ्यांनी तो आपोआप भरून घेतला होता. आता तपासणीची शेवटची सही त्याची असते.